गिधाडांचा ऱ्हास आणि त्याच्या कारणांचा शोध : १९८५ ते २०२४ या काळातील संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकाला दुर्मीळ वस्तूपेक्षा सर्वत्र आढळणारी वस्तू अधिक अडचणीत टाकते. दुर्मीळ वस्तूची नोंद कोणीतरी आवर्जून करून ठेवतो. रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टीची नोंद करावी असे कोणाला वाटत नाही. भारतीय उपखंडातील गिधाडांच्या बाबतीत नेमके हेच घडले. १९८० च्या दशकापर्यंत शिवेबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावराभोवती जमलेली गिधाडे हे खेड्यांत आणि शहरांच्या कडेलाही नित्याचे दृश्य होते. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी बहुधा सर्वाधिक संख्येचा पक्षी असावा, असे मत पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड ह्यूस्टन यांनी १९८५ मध्ये नोंदविले होते. त्यानंतर वीस-बावीस वर्षांतच याच पक्ष्याच्या भारतातील संख्येत १९९२ च्या तुलनेत ९९.९ टक्के घट झाल्याचे संशोधकांना जाहीर करावे लागले.

या ऱ्हासाचे कारण शोधण्याच्या प्रयत्नात पक्षिशास्त्र, विकृतिशास्त्र, पशुवैद्यक, औषधशास्त्र आणि अगदी अलीकडे अर्थशास्त्र अशा परस्परांपासून दूर असलेल्या ज्ञानशाखा एकाच प्रश्नापाशी येऊन मिळाल्या. प्रस्तुत लेखात या शोधाचा कालानुक्रमे मागोवा घेतला असून प्रत्येक टप्प्यावर कोणता पुरावा हाती होता, तो कोणी आणि कशासाठी जमविला होता, या बाजूकडे विशेष लक्ष दिले आहे.

शिवेबाहेरची व्यवस्था

भारतात पशुधन प्रचंड, पण गोमांस खाणारा वर्ग लहान. २००३ च्या पशुगणनेत देशातील पशुधन सुमारे ४८.५ कोटी इतके नोंदले गेले. म्हातारपणाने, रोगाने वा अपघाताने मेलेल्या गाई-बैलांचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यामुळे येथे इतर देशांपेक्षा मोठा होता. गावगाड्याने त्याचे उत्तर दोन स्तरांवर शोधले होते. मेलेले जनावर ओढून नेणे हे काम जातिव्यवस्थेने महाराष्ट्रात महार समाजावर लादले होते. हाडकी-हाडवळा या नावाने ओळखली जाणारी इनाम जमीन त्या लादलेल्या सेवेशी निगडित होती. कातडे काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा व मांस यांचा निकाल गिधाडे, कावळे, घारी आणि कुत्री लावीत. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले आणि मेलेली ढोरे ओढण्याचे लादलेले काम नाकारण्याची चळवळ पुढे बळावत गेली. या व्यवस्थेतील मानवी श्रमाचा इतिहास अशा रीतीने संघर्षामुळे लेखनात आला. पक्ष्यांच्या वाट्याचा इतिहास मात्र लिहिला गेला नाही. मराठीत 'गिधाड' हा शब्द शिवीसारखाच वापरला जातो. दुसऱ्याच्या आपत्तीवर टपून बसणाऱ्यास गिधाडाची उपमा देतात. ज्याच्याकडे पाहून नाक मुरडायचे, त्याची मोजदाद कोण करणार?

गिधाडांचा थवा मोठ्या जनावराचे मांस तासाभराच्या आत संपवू शकतो. त्याच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते आणि सडक्या मांसातील पुष्कळसे जिवाणू त्यात टिकत नाहीत. मात्र या पक्ष्याचे प्रजनन फार संथ आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. प्रौढ पक्ष्यांतील मृत्यूचे प्रमाण थोडेसे वाढले तरी अशा जातीची संख्या झपाट्याने खाली येते. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

भरतपूरची मोजणी

गिधाडांचा ऱ्हास प्रथम सिद्ध झाला तो राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. तेथे गिधाडे इतर ठिकाणांपेक्षा लवकर मेली असे म्हणण्यास आधार नाही. तेथे त्यांची मोजणी झालेली होती, एवढाच फरक. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८० च्या दशकात या पाणथळ प्रदेशाचा दीर्घकालीन परिस्थितिकीय अभ्यास चालविला होता. त्या अभ्यासाचा भाग म्हणून डॉ. विभू प्रकाश यांनी तेथील शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांची मोजणी केली. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या तेथे घरटी करीत होत्या. १९९६ मध्ये प्रकाश पुन्हा तेथे गेले तेव्हा जोड्यांची संख्या निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे १५० भरली. झाडांच्या फांद्यांवर मान लोंबकळत ठेवून तासन्‌तास निश्चल बसलेली गिधाडे आणि झाडांखाली पडलेले मृत पक्षी त्यांच्या निदर्शनास आले. १९९८-९९ मध्ये केवळ २० जोड्या उरल्या आणि पुढच्या काही वर्षांत तेथे एकही घरटे राहिले नाही. १९९९ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला प्रकाश यांचा निबंध हा या विषयावरील संशोधनाचा आरंभबिंदू होय.

एका उद्यानातील घट म्हणजे देशातील घट नव्हे, असा आक्षेप घेण्यास जागा होती. तो दूर करण्यासही एक जुनी मोजणी उपयोगी पडली. १९९१ ते १९९३ या काळात सोसायटीच्या संशोधकांनी शिकारी पक्ष्यांच्या सर्वेक्षणासाठी देशाच्या विविध भागांतून रस्त्यांवरून प्रवास करीत दिसलेल्या पक्ष्यांची नोंद केली होती. २००० साली त्याच मार्गांवरून पुन्हा मोजणी झाली आणि घट देशव्यापी असल्याचे स्पष्ट झाले. त्याच वर्षी या गिधाडांचा समावेश आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात करण्यात आला. मार्गांवरील मोजणी पुढे २००७ मध्येही झाली. तिच्या आधारे भारतात पांढऱ्या पाठीची सुमारे ११ हजार, लांब चोचीची सुमारे ४५ हजार आणि निमुळत्या चोचीची सुमारे १ हजार गिधाडे उरली असावीत, असा अंदाज करण्यात आला. एके काळी ही संख्या कोट्यवधीत असल्याचे सांगितले जाते. पण तो आकडा मोजलेला नसून मागाहून काढलेला आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. १९८० च्या दशकात याच संस्थेने विमानांना पक्षी धडकण्याच्या समस्येवर अभ्यास केला होता आणि विमानतळांच्या परिसरात धोकादायक ठरणाऱ्या पक्ष्यांत गिधाडांचा क्रमांक वरचा होता. गिधाडे विमानतळांपासून दूर कशी ठेवता येतील, हा त्या वेळचा प्रश्न होता. ती उरतील की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता.

रोग की विष?

कारणांचा शोध सुरू झाला तेव्हा प्रत्येक ज्ञानशाखेने आपल्या परिचयाच्या संशयिताकडे बोट दाखविले. पक्षिशास्त्रज्ञांना डीडीटीची आठवण झाली, कारण अमेरिका व युरोपातील ससाणे आणि गरुड यांच्या ऱ्हासास त्या कीटकनाशकामुळे पातळ झालेली अंड्यांची कवचे कारणीभूत ठरल्याचे सर्वज्ञात होते. परंतु भारतात अंडी फुटत नव्हती, प्रौढ पक्षी मरत होते. अन्नाचा तुटवडा हे कारणही टिकले नाही. मेलेली जनावरे तशीच पडून राहत होती.

विकृतिशास्त्रज्ञांचा कल संसर्गजन्य रोगाकडे होता. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीतील अँड्र्यू कनिंगहॅम, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतील संशोधक आणि पुण्यातील पोल्ट्री डायग्नॉस्टिक अँड रिसर्च सेंटर येथील विकृतिशास्त्रज्ञ यांनी मृत गिधाडांचे विच्छेदन केले. कोंबड्यांच्या रोगनिदानासाठी उभारलेली पुण्याची प्रयोगशाळा गिधाडांच्या कामी आली, ही या इतिहासातील महाराष्ट्राची एक फारशी माहीत नसलेली बाजू आहे. विच्छेदनात यकृत, हृदय, मूत्रपिंड यांवर खडूसारखा पांढरा थर आढळला. हा थर युरिक आम्लाच्या स्फटिकांचा असतो. पक्ष्यांच्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; मूत्रपिंड निकामी झाले की ते रक्तात साचते आणि अवयवांवर स्फटिकरूपाने बसते. या अवस्थेस व्हिसरल गाऊट म्हणतात. हा गाऊट म्हणजे परिणाम होय, कारण नव्हे. मूत्रपिंड कशाने निकामी झाले, हा प्रश्न शिल्लकच राहिला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या निबंधाने बहुधा एखादा नवा विषाणू कारणीभूत असावा, अशी शक्यता मांडली. निबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होते. उपलब्ध पुराव्याच्या मर्यादेत ते अनुमान गैर नव्हते. घट वेगाने सर्वत्र पसरली होती आणि एकत्र राहणाऱ्या पक्ष्यांत साथीचा रोग असाच पसरतो. एका सामान्य औषधाचाही प्रसार तितक्याच वेगाने होऊ शकतो, हे मात्र कोणाच्या लक्षात आले नव्हते.

अमेरिकेतील पेरेग्रीन फंड या संस्थेने आपले काम पाकिस्तानातील पंजाब प्रांतात सुरू केले होते, कारण तेथे गिधाडांच्या मोठ्या वसाहती तेव्हा शिल्लक होत्या आणि ताजे मृतदेह मिळणे शक्य होते. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यक तज्ज्ञ लिंडसे ओक्स यांच्या नेतृत्वाखालील गटाने २००० ते २००३ या काळात शेकडो मृत पक्षी गोळा केले. तपासलेल्या २५९ प्रौढ व तरुण पक्ष्यांपैकी २१९ पक्ष्यांत व्हिसरल गाऊट आढळला. विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशके यांच्या चाचण्या एकामागून एक झाल्या; एकीतूनही उत्तर मिळाले नाही. तेव्हा संशोधकांनी प्रश्नाची मांडणी बदलली. गिधाडांचे अन्न म्हणजे पाळीव जनावरे. मग त्या जनावरांच्या शरीरात असे काय जाते, जे तोंडावाटे पोटात गेल्यास मूत्रपिंडास घातक ठरेल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी पशुवैद्य आणि औषधविक्रेते यांच्याकडे चौकशी केली. या वर्णनात बसणारे एकच औषध सर्व दुकानांत होते आणि बहुतेक दुकानांत ते रोज विकले जात होते. ते म्हणजे डायक्लोफेनॅक.

पुढची कसोटी निर्णायक ठरली. गाऊट झालेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांची तपासणी केली असता सर्वच्या सर्व २५ मध्ये डायक्लोफेनॅकचे अवशेष सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. औषध दिलेल्या म्हशी व शेळ्यांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातल्यावर त्यांतील अनेक पक्षी त्याच लक्षणांनी मेले. मे २००३ मध्ये बुडापेस्ट येथील शिकारी पक्ष्यांवरील जागतिक परिषदेत ओक्स यांनी हा निष्कर्ष जाहीर केला आणि २००४ च्या आरंभी तो 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारत व नेपाळमधील मृत गिधाडांतही हेच चित्र असल्याचे त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवून दिले.

स्वस्त औषधाची व्याप्ती

डायक्लोफेनॅक हे १९७० च्या दशकात मानवी उपचारांत आलेले दाहशामक व वेदनाशामक औषध. सांधेदुखीच्या रुग्णांना त्याने दिलेला आराम वादातीत आहे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याची स्वस्त रूपे भारतातील पशुवैद्यकीय बाजारात आली आणि लंगडणारा बैल, कासेला सूज आलेली गाय किंवा ताप आलेले वासरू यांना त्याचे इंजेक्शन देणे ही सर्रास प्रथा झाली. ज्या शेतकऱ्याचा हंगाम एका बैलजोडीवर अवलंबून असतो, त्याने स्वस्तात मिळणारे वेदनाशामक वापरले यात दोष काढता येणार नाही. औषध जनावराला लागू पडत होते. ते दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावले आणि उघड्यावर टाकले गेले, तरच गिधाडाला धोका होता.

येथेच एक गणिती शंका उभी राहिली. एवढ्या मोठ्या देशात मृत्यूच्या नेमके आधी औषध मिळालेली जनावरे कितीशी असणार? त्यांच्यामुळे जवळजवळ सगळी गिधाडे कशी मरतील? केंब्रिजमधील संशोधक ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाने या शंकेस उत्तर दिले. गिधाडे दर काही दिवसांनी एकदा खातात, एका मृत जनावरावर मोठ्या संख्येने जमतात आणि त्यांचे प्रजनन संथ असते. त्यामुळे दर १३० ते ७६० मृत जनावरांमागे एकाच्या शरीरात घातक मात्रा असली, तरी प्रत्यक्षात दिसलेली घट घडून येऊ शकते, असे या प्रतिमानाने दाखविले. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. २००४-०५ मध्ये भारतातील १,८४८ मृत जनावरांच्या यकृताचे नमुने तपासण्यात आले तेव्हा सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक आढळले. संशयासाठी आता फारशी जागा उरली नाही. अमेरिका खंडातील टर्की गिधाड या औषधाची बरीच मोठी मात्रा सहन करू शकते, असे पुढे आढळून आले. दिसण्यात आणि सवयींत सारखे असणारे हे पक्षी वंशाने भिन्न आहेत. एका गिधाडावरील चाचणी दुसऱ्याला लागू करता येत नाही, हा औषधशास्त्रासाठी त्यातला अर्थ.

बंदी आणि पळवाटा

कारण सिद्ध झाल्यानंतर धोरण बदलण्यास लागलेला वेळ इतर अनेक पर्यावरणीय प्रश्नांच्या मानाने थोडा होता, हे मान्य करावयास हवे. पर्याय लवकर हाती आला, हे त्याचे प्रमुख कारण. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठाचे गेरी स्वान आणि त्यांचे सहकारी यांनी मेलोक्सिकॅम या औषधाची चाचणी प्रथम आफ्रिकी व नंतर आशियाई गिधाडांवर घेतली आणि ते निर्धोक असल्याचे २००६ च्या आरंभी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मे महिन्यात भारताच्या औषध नियंत्रकांनी पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबविण्याचा आदेश काढला. नेपाळ व पाकिस्तान यांनीही २००६ मध्ये बंदी घातली. बांगलादेशाने २०१० मध्ये. भारतात २००८ च्या राजपत्रित अधिसूचनेने बंदीला अधिक बळ आले.

औषध मात्र दुकानांतून गेले नाही. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक ३० मिलिलिटरच्या कुप्यांत विकले जात होते. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. तीसची कुपी गाई-बैलांसाठी सोयीची होती. २००७ ते २०१० या काळात संशोधकांनी अकरा राज्यांतील अडीचशेहून अधिक औषध दुकानांत सामान्य गिऱ्हाईक म्हणून जाऊन जनावरासाठी वेदनाशामक मागितले. ३६ टक्के दुकानांत त्यांना डायक्लोफेनॅक मिळाले. प्रयोगशाळेतील कोणत्याही उपकरणाने न मिळणारी ही माहिती होती आणि तिच्या आधारेच जुलै २०१५ मध्ये मानवी वापराच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. औषध कंपन्यांनी या निर्णयास मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. २०१७ मध्ये ते फेटाळले गेले. दरम्यान दुसरी औषधे डायक्लोफेनॅकची जागा घेत होती. जनावराच्या शरीरात गेल्यावर एसिक्लोफेनॅकचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होते, तर केटोप्रोफेन मोठ्या मात्रेत गिधाडांना मारक ठरते. या दोहोंच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात जुलै २०२३ मध्ये आणि निमेसुलाइडच्या वापरावर डिसेंबर २०२४ मध्ये बंदी आली. केटोप्रोफेनचा धोका २००९-१० पासून छापील स्वरूपात उपलब्ध होता. पहिल्या बंदीच्या वेळी दिसलेली तत्परता येथे आढळत नाही. विशेष म्हणजे भारतातील हा सारा अनुभव समोर असताना स्पेनने २०१३ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकला परवानगी दिली आणि तेथेही या औषधाने मेलेले एक गिधाड पुढे सापडलेच.

माणसांच्या मृत्यूचा हिशेब

गिधाडे गेल्यावर माणसांचे काय झाले, हा प्रश्न आरंभी धार्मिक अंगाने पुढे आला. मुंबईच्या मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीची परंपरा गिधाडांवर अवलंबून होती. पक्षी नाहीसे झाल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारी परावर्तक यंत्रणा बसविण्यात आली. पावसाळ्यात ती अपुरी पडते आणि समाजात त्यावर दीर्घकाळ वाद झाला. ज्यांना या नुकसानीस नाव देता आले असा हा बहुधा पहिला नागरी समाज.

सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने पहिला मोठा प्रयत्न अनिल मार्कंडेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये केला. गिधाडांच्या अभावी उरलेल्या मांसावर १९९२ ते २००३ या काळात भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली असावी आणि त्यांच्या चाव्यांमुळे १९९२ ते २००६ या काळात रेबीजचे ४७ ते ४८ हजार अधिक मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. देशात रेबीजने दरवर्षी सुमारे २० हजार मृत्यू होत असल्याचे २००४ च्या एका राष्ट्रीय पाहणीत म्हटले होते. त्या पार्श्वभूमीवर हा आकडा अविश्वसनीय वाटत नाही. तथापि गिधाडांपासून कुत्रा, कुत्र्यापासून चावा, चाव्यापासून मृत्यू अशी एकच साखळी त्यात मोजलेली आहे.

इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग धरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात साखळीचे दुवे बाजूला ठेवून एकूण मृत्युदराचीच तुलना केलेली आहे. ज्या जिल्ह्यांचा अधिवास गिधाडांना अनुकूल होता आणि ज्यांचा नव्हता, अशा दोन गटांतील मृत्युदर डायक्लोफेनॅकच्या प्रसारापूर्वी साधारणपणे एकाच पातळीवर चालत होते. १९९४ नंतर ते वेगळे होऊ लागले. अनुकूल जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अधिक मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. रेबीज लसीच्या विक्रीत आणि पाण्यातील मैलाजन्य जिवाणूंच्या प्रमाणात झालेली वाढही त्यांनी दाखविली आहे. मेलेली जनावरे नदी-नाल्यांत टाकली जाऊ लागली असावीत, असे त्यावरून दिसते.

४८ हजार आणि पाच लाख या दोन आकड्यांत विरोध नाही, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पाच लाखांतील कोणत्याही एका मृताचे नाव घेऊन तो गिधाडांअभावी मेला, असे सांगता येणार नाही. हा दोन गटांतील सरासरी फरक आहे. शिवाय भारतातील मृत्युनोंदणी अपुरी आहे आणि काळानुसार ती सुधारत गेली आहे. नोंदणी एका गटात अधिक वेगाने सुधारली असेल, तर मृत्यू वाढल्याचा आभास निर्माण होऊ शकतो. लेखकांनी अशा शक्यता पडताळून पाहिल्या आहेत. तरीही या आकड्याचे वजन शेवटी ग्रामपंचायतींच्या व नगरपालिकांच्या दप्तरांतील जन्म-मृत्यूच्या नोंदींवर येऊन ठेपते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार त्या नोंदी करणाऱ्या ग्रामसेवकाच्या किंवा निबंधकाच्या मनात गिधाड असण्याचे कारण नव्हते. भरतपूरच्या घरट्यांची मोजणीही गिधाडे वाचविण्यासाठी झालेली नव्हती. ज्या जिल्ह्यांत दप्तरे नीट राखली गेली नाहीत, तेथील मृत्यू या हिशेबात उमटण्याची शक्यता कमी आहे, ही बाब या निबंधाच्या वृत्तपत्रीय उल्लेखांत बहुतेक वेळा गळून गेली.

पिंजोर ते विदर्भ

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी व राज्य शासन यांनी २००१ मध्ये गिधाडांचे उपचार केंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे रामायणातील पक्ष्याच्या नावाने ओळखले जाणारे जटायू प्रजनन केंद्र उभे राहिले. ओक्स यांच्या निष्कर्षापूर्वी रोगाच्या संशयातून स्थापन झालेली ही संस्था कारण बदलल्यावरही उपयोगाची राहिली. आसाम, पश्चिम बंगाल व मध्य प्रदेश येथेही अशी केंद्रे झाली. पिंजोर येथे वाढविलेल्या आठ गिधाडांना ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम मोकळे सोडण्यात आले. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील म्हसळा-श्रीवर्धन परिसरात आणि गडचिरोलीत स्थानिक कार्यकर्ते व वन विभाग यांनी औषधमुक्त मृत जनावरे ठरावीक जागी ठेवण्याचे प्रयोग केले आहेत. लोकांच्या बोलण्यात त्यांना 'गिधाडांचे उपाहारगृह' असे नाव पडले आहे. गिधाड सोडावयाच्या ठिकाणाभोवती सुमारे शंभर किलोमीटरच्या परिघातील औषध दुकाने तपासली गेली पाहिजेत, असा संकेत या कामात रूढ झाला आहे, कारण अन्नाच्या शोधात हा पक्षी एका दिवसात तेवढे अंतर सहज कापतो.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून वीस गिधाडे विदर्भात आणण्यात आली. दहा ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात आणि दहा पेंच व्याघ्र प्रकल्पात. काही महिने बंदिस्त जागेत राहून परिसराची सवय झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना मोकळे करण्यात आले. सोडण्यापूर्वी त्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले प्रेषक बसविण्यात आले होते. काही पक्षी पहिल्या काही महिन्यांतच दगावले. पांढऱ्या पाठीचे एक गिधाड राज्याची सीमा ओलांडून दक्षिणेकडे थेट तमिळनाडूपर्यंत गेले आणि त्याच्या वाटेवरील प्रत्येक मुक्काम प्रेषकाने नोंदविला.